नाशिकजवळची कमी माहितीची ठिकाणं शोधायची कशी?

पूर्ववाट
नाशिकला दोन दिवस मोकळे मिळणार आहेत. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, मुक्काम नाशिकरोडला. गाडी नाही. एक दिवस टॅक्सी ठरवता येईल, दुसऱ्या दिवशी एसटी किंवा रिक्षा.

पंचवटी, काळाराम, त्र्यंबकेश्वर, सोमेश्वर ही ठिकाणं कुठल्याही यादीत सापडतात आणि ती पाहायचीच आहेत. मात्र 'नाशिकची लपलेली ठिकाणं' असा शोध घेतला तर हरिहर किल्ला, पहिने आणि दुगारवाडीचे धबधबे एवढंच पुन्हा पुन्हा समोर येतं. तिथे शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा नसते, त्यांना लपलेलं कसं म्हणायचं?

म्हणून ठिकाणांच्या यादीपेक्षा शोधायची पद्धत विचारतोय. माहीतगार लोक अशा जागा हुडकतात कशा? सुरुवात कुठून करतात, गावात गेल्यावर कोणाला काय विचारतात? नाशिकचीच उदाहरणं दिलीत तर उत्तम.

शिलालेख_वाचक
सुरुवात दर्शनिकेपासून करा. नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८३ सालचं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १६ वा खंड. राज्याच्या दर्शनिका विभागाने जुने खंड संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. सगळा खंड वाचायची गरज नाही. शेवटी गावांच्या नावानिशी प्रेक्षणीय स्थळांचं प्रकरण आहे, तेवढं पुरे. देऊळ, लेणं, गढी, कुंड, यात्रेचा महिना अशी बारीक नोंद त्यात मिळते.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. अंतरं मैलांत आणि तालुक्याच्या गावापासून दिलेली आहेत. ती त्या वेळच्या वाटांची आहेत, आजच्या डांबरी रस्त्याची नाहीत. 'सहा मैल पश्चिमेला' असं वाचलं की नकाशावर साधारण दहा किलोमीटरचं वर्तुळ काढायचं आणि त्या दिशेची गावं तपासायची. दुसरं म्हणजे नावांची स्पेलिंगं इंग्रजी कानांनी लिहिलेली आहेत. चांदवड तिथे 'चांदोर' आहे, पेठ 'पेइंट' आहे. सरळ शोध घेतला तर सापडत नाही. नाव मोठ्याने उच्चारून पाहा, लगेच ओळखू येतं.

यातून काय हाती लागतं त्याचं उदाहरण गोवर्धनचं. पांडवलेण्यात १० व्या लेण्यातला क्षत्रप राजा नहपानाच्या काळचा लेख सगळेच पाहतात आणि पुढे जातात. त्यात नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवल्याची नोंद आहे. ती ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे होती, २००० दरमहा शेकडा १ दराने आणि १००० शेकडा पाऊण दराने. ते गोवर्धन म्हणजे शहराच्या पश्चिमेला गंगापूरला लागून असलेलं आजचं गोवर्धन. सोमेश्वरला जाणारे तिथून अगदी जवळून जातात आणि कुणी वळत नाही. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी जिथे व्याजाने पैसे ठेवले जात होते त्या गावातून चालायला मला फार आवडतं, जरी आज तिथे त्या काळचं काही उभं नसलं तरी.

गोदाकाठ
दर्शनिकेबाबत सहमत. पण बाहेरगावच्या माणसाने आधी जुनं नाशिक चालून पाहावं, मग गावोगाव फिरावं. शहराच्या पोटात जे आहे ते नाशिककरांनाही पुरतं ठाऊक नसतं.

सकाळी सातच्या आत रविवार कारंजावरून निघा. होळकर पुलाच्या तोंडाशी सुंदरनारायण, १७५६ चं. तिथून सराफ बाजारातला सरकारवाडा. वाडा पेशवेकालीन आहे, त्याचं लाकूडकाम बाहेरूनही थांबून पाहण्याजोगं. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, त्यामुळे आत जायचं असेल तर वार बघून या. पुढे भांडी बाजार, तांबट लेन, दिल्ली दरवाजा. गल्ल्या अरुंद आहेत, दहानंतर दुचाकी आणि हातगाड्यांमुळे ज्येष्ठांना चालणं अवघड होतं. सातची वेळ त्यासाठीच सांगितली.

नदीकाठी उतरलात की दुतोंड्या मारुती बघा. नाशिकमध्ये पुराचं माप त्याच्यावरून सांगतात. 'मारुतीच्या कमरेला पाणी लागलं', 'छातीपर्यंत आलं' असं म्हटलं की अख्ख्या गावाला पूर किती ते कळतं. पलीकडच्या काठावर नारोशंकराचं १७४७ चं देऊळ आणि त्याची घंटा.

कट्ट्यावरचा
एवढे प्रतिसाद झाले आणि मिसळ नाही? धागा नाशिकचाच आहे ना?

गोदाकाठ
येईल येईल, मिसळही येईल. :)

वाळूतली_वीट
गोदाकाठ, काझीची गढी राहिली. जुन्या नाशिकमध्ये नदीला लागून मातीचा उंच ढिगारा दिसतो तोच. १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या गढीवर उत्खनन केलं. शहर किती जुनं याचं उत्तर पुराणकथांपलीकडे जाऊन मिळालं ते त्यातून. लोक पंचवटीत 'प्राचीन नाशिक' शोधतात, आणि ते इथे घरांच्या खाली थरांथरांनी आहे.

पण कड्याच्या अगदी खाली किंवा वर टोकाला जाऊ नका. माती भुसभुशीत आहे, पावसात कडा ढासळतो, तिथे राहणाऱ्यांना दर पावसाळ्यात नोटिसा निघतात. समोरच्या काठावरून पाहिलं तर उंचीही नीट कळते आणि धोकाही नाही. खापऱ्या उचलू नका.

नकाशा_आणि_कंपास
माझी पद्धत नकाशापासून सुरू होते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे नोंदणी केल्यावर पीडीएफमध्ये मिळतात. नाशिककरांची एक अडचण अशी की २० अंश अक्षांश शहरातूनच जातो, त्यामुळे शहर दोन पत्रकांवर विभागलं गेलंय. जुन्या क्रमांकांप्रमाणे उत्तरेकडची बाजू आणि रामशेज ४६एच/१६ वर, दक्षिणेकडची बाजू ४७ई/१३ वर, तर अंजनेरी आणि त्र्यंबक ४७ई/९ वर. एकच पत्रक उघडून 'यात तर काहीच नाही' म्हणणारे बरेच भेटतात.

या नकाशांवर देऊळ, किल्ला, लेणी, टाकं, विहीर यांच्या खुणा असतात. मुख्य रस्त्यापासून दूर, वस्ती नसलेल्या जागी देवळाची खूण दिसली की ती वहीत लिहायची. नंतर तीच जागा उपग्रह चित्रावर पाहायची. बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर असेल तर चौकोनी किंवा इंग्रजी एल आकाराची गडद सावली दिसते. गढी असेल तर घरांच्या मधोमध उंचवटा आणि त्याच्या भोवती वळून गेलेल्या गल्ल्या. उघड्या माळावर एकदम दाट गोल झाडी असेल तर देवराईची (देवाच्या नावाने राखलेल्या रानाची) शक्यता. इथे फसगत होते ती शेततळ्यांमुळे. दिंडोरी, निफाड भागात द्राक्षांसाठी प्लास्टिक अंथरलेली शेततळी जागोजागी आहेत, तीही चौकोनी आणि गडद दिसतात. फरक कडांवरून करायचा. शेततळ्याला मातीचा बांध असतो आणि कडा एकसारखी चकाकते, बारवेला पायऱ्यांची तुटक सावली असते.

निफाडची_लेक
नकाशादादांच्या पद्धतीला एक जोड. उपग्रह चित्रांच्या प्रणालीत जुन्या तारखांची चित्रंही पाहता येतात. आमच्याकडे चांदोरीला गोदावरीच्या पात्रात जुनी दगडी देवळं आहेत. एरवी ती नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याखाली असतात. बंधाऱ्यातलं पाणी खाली गेलं की उघडी पडतात, बहुतेक एप्रिल-मे मध्ये, आणि तेही दरवर्षी सारखी नाहीत. पावसाळ्यातलं चित्र पाहिलंत तर सपाट पाणी, कडक उन्हाळ्याच्या वर्षातलं पाहिलंत तर पात्रात बांधकाम स्पष्ट.

यायच्या आधी गावात कुणाला तरी विचारा 'पाणी किती आहे'. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच गाव आहे, चहाच्या टपरीवरही उत्तर मिळतं. पात्रात उतरताना वाळलेल्या दिसणाऱ्या गाळावर पाय देऊ नका. वर पापुद्रा कडक आणि खाली गुडघाभर चिखल असतो. दगड किंवा वाळूवरूनच चाला. ज्येष्ठांनी काठावरून बघावं. आणि वरच्या धरणातून आवर्तन (शेतीसाठीचं पाणी) सुटलं तर पाणी वाढतं, तेव्हा पात्रात बसून डबे उघडायचे नाहीत.

गुरवाचा_नातू
आता 'गावात कोणाला काय विचारायचं' या मूळ प्रश्नाकडे. पद्धत चुकली तर समोर शिल्प असूनही गावकरी 'इथे काही नाही' म्हणतात, आणि त्यांचं खोटं नसतं. 'इथे प्राचीन स्थळ आहे का?' किंवा 'वीरगळ कुठे आहे?' असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी नाहीच उत्तर येतं, कारण वीराच्या स्मरणार्थ कोरलेल्या त्या दगडाला गावात कुणी वीरगळ म्हणत नाही. ते देव असतात. शेंदूर लागलेला असतो.

असं विचारा: 'मारुतीच्या पाराजवळ माणसं कोरलेले उभे दगड आहेत का?' 'पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं देऊळ कुठलं?' 'पायऱ्यांची विहीर आहे का?' 'शेत नांगरताना मूर्ती निघाली ती कुठे ठेवलीय?' शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. नांगराला लागलेले देव गावाने जुन्या देवळाच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. समोरून दर्शन घेऊन परत फिरणाऱ्याला ते दिसतच नाहीत. म्हणून कुठल्याही गावात देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घालायची, भिंतीच्या पायथ्याकडे बघत.

विचारायचं कोणाला? देवळाचं गुरवाला, शिवेचं आणि शेताचं कोतवालाला, डोंगराचं गुराख्याला. शाळेतले गुरुजी बाहेरगावचे असले तरी त्यांना मुलांकडून सगळं कळलेलं असतं. दुपारी बारा ते चार गावात कुणी नसतं. जानेवारी ते मार्च द्राक्षांच्या काढणीत तर माणसं दिवसभर मळ्यात. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पारावर मंडळी जमल्यावर जा. आधी राम राम, मग आपलं गाव कुठलं ते सांगा, मग प्रश्न. गाडीची काच खाली करून विचारलेल्या प्रश्नाला उत्तरही रस्त्यापुरतंच मिळतं.

पेठ_रस्ता
गुरवाचा_नातू, फार नेमकं. पेठ, सुरगाणा, हरसूल पट्ट्यात यात थोडी भर. तिथे दगडी देवळं कमी. शिवेवर लाकडी किंवा दगडी वाघदेव असतात, त्यावर वाघ, नाग, चंद्र-सूर्य कोरलेले. ते पूजेतले आहेत. हात लावण्याआधी, फोटो काढण्याआधी पाड्यातल्या मोठ्या माणसाला विचारा.

होळीनंतर उन्हाळ्यात या भागात बोहाडा होतो, मुखवट्यांची सोंगं रात्रभर नाचतात. त्याची तारीख गावागावात वेगळी आणि छापील कार्यक्रम नसतो. ती कळते आठवडे बाजारात. हरसूलच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना विचारलं की पुढच्या पंधरवड्यातले सगळे बोहाडे समजतात. जायचं तर जेवण करून जा, अंगावर शाल घ्या, आणि सोंग नाचत असताना तोंडावर फ्लॅश मारू नका. मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांतून आधीच कमी दिसतं, नाचणाऱ्याचा पाय चुकतो.

तिवंधा_चौक
तारखेवरून शोधायची पद्धत शहरातही चालते. नाशिकमध्ये रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, आणि त्यासाठी पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत. रहाड म्हणजे जमिनीतला दगडी बांधणीचा खोल हौद. वर्षभर तो लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेला असतो, वरून रस्ता जातो. शनी चौक, दिल्ली दरवाजा, तिवंधा इथे तुम्ही रहाडीवरून चालत जाता आणि पत्ता लागत नाही. रंगपंचमीच्या आधी ती उकरतात, साफ करतात, रंग भरतात, पूजा होते आणि मग उड्या.

पोहता येत नसेल तर काठाच्या पहिल्या रांगेत उभं राहू नका, ढकलाढकली होतेच. फक्त पाहायचं असेल तर रंगपंचमीच्या एक-दोन दिवस आधी सकाळी या. उघडलेली रिकामी रहाड, तिची बांधणी, पायऱ्या तेव्हा नीट दिसतात. धुळवडीला जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक असते, दाजीबा वीर त्यातला मुख्य.

डोंगरफूल
एका गोष्टीवर सावध करायचं आहे. ठिकाण सापडलं म्हणजे ते जाहीर करावंच असं नाही. अंजनेरीच्या डोंगरावर सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात आहे, तिचं वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि ती ओळखली जाते याच डोंगराच्या नावाने. पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवतात फुलते. फूल नाजूक, कंद जमिनीत. फोटोसाठी आडवं पडणाऱ्या चार जणांच्या अंगाखाली शेजारची न फुललेली रोपं चिरडतात, आणि कोणती रोपं होती हे त्यांना कळतही नाही. डोंगर आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तरी फोटोला जागेची खूण जोडून टाकणारे आहेत. माझं मत: वनस्पती, घरटी, गिधाडांचे कडे यांची नेमकी जागा कधीच लिहू नये. इथेही नाही.

शिलालेख_वाचक
वनस्पतींबद्दल पूर्ण मान्य, पण देवळांबद्दल उलट आहे. त्याच अंजनेरीच्या पायथ्याशी यादवकाळातल्या हिंदू आणि जैन देवळांचा मोठा समूह आहे. एका जैन देवळात शके १०६३ म्हणजे इ. स. ११४१ चा शिलालेख, यादव राजा सेउणचंद्राच्या काळातला. हजारो लोक हनुमानाच्या दर्शनाला वर जातात आणि फाट्यापासून जवळ असलेल्या या देवळांकडे बघतही नाहीत. माणूस फिरकत नाही तिथे झुडपं वाढतात, दगड हलवले जातात, कोरीव तुकडे बांधाला लागतात. जाणती माणसं येत राहिली तर गावालाही त्याची किंमत कळते. दगडाची जागा सांगावी, जिवाची झाकावी, एवढा फरक करू या.

सातपूरकर
आणि पहिनेचं काय? ते दगडही नाही आणि फूलही नाही. एका व्हिडिओनंतर पावसाळ्यातल्या रविवारी अख्खा रस्ता बंद, भातखाचरांत बाटल्यांच्या काचा. आवणीच्या वेळी अनवाणी चिखलात उभ्या राहणाऱ्या बायांचे पाय कापतात. धबधब्यांची ठिकाणं तरी सांगू नका, अशी हात जोडून विनंती.

पेठ_रस्ता
सातपूरकरांना जोरदार अनुमोदन.

दोरखंड
धबधब्यांचा विषय निघालाच आहे तर दुगारवाडीबद्दल स्पष्ट लिहितो. गाडी लावायची जागा आणि धबधबा यांच्या मध्ये ओढा ओलांडावा लागतो. जाताना घोट्याएवढं पाणी असतं. वर डोंगरात सर कोसळली की ते पाणी काही वेळाने खाली येतं, तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी. लोक अडकतात ते परतताना. पाणी स्वच्छ असताना एकदम गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज जाड झाला, तर चप्पल शोधत बसू नका, लगेच अलीकडे या. उशीर झाला असेल तर पलीकडेच उंचावर थांबून मदत मागवा, साखळी करून ओढा ओलांडू नका. एकाचा पाय सुटला की साखळी सगळ्यांना ओढते. वनखात्याने बंद ठेवलं असेल तर त्या दिवशी तो रस्ता नाही, एवढं साधं.

हरिहरला जाणारच असाल तर आडवारी, पहाटे. निरगुडपाडा आणि हर्षेवाडी अशा दोन वाटा आहेत आणि नकाशावरचं बोट कधी एकीकडे तर कधी दुसरीकडे नेतं. गाडीवाल्याला गावाचं नाव सांगा, किल्ल्याचं नको. कातळातल्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कोंडी होते, पावसात तर तो अपघातच. गर्दी नको आणि इतिहास हवा असेल तर पेठ रस्त्यावरचं रामशेज. आशेवाडी गाठायची, अर्ध्या-पाऊण तासात वर. १६८२ पासून मोगलांना याच छोट्या किल्ल्याने वर्षानुवर्षे झुंजवलं. वर गेल्यावर उंची पाहून प्रश्न पडतो की कसं, आणि मग टाकी मोजत फिरलात की उत्तराचा एक भाग मिळतो: पाणी होतं.

कट्ट्यावरचा
मिसळीची आठवण म्हणून पुन्हा आलो. शोधायची पद्धत इथेही आहे. पाटी किती मोठी ते पाहू नका. सकाळी नऊला जिथे रिक्षावाले आणि दूधवाले उभ्याने खातात तिथे जा. नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची. तर्री वेगळी मागा, आधी उसळ चाखा. मटकीला अंगची चव असेल तर रस्सा तिखट असण्याची गरज पडत नाही. दही, पापड सोबत येतात. आई-वडिलांसाठी 'कमी तिखट' सांगितलं तर तर्री न घालता देतात, लाजू नका. अकरानंतर पातेलं तळाला गेलेलं असतं, मग गरम पाणी घालून वाढवलेला रस्सा मिळतो. संपली म्हणून दार लावणारा मालक चांगला.

पाणपक्षी
थंडीत येणार असाल तर नांदूरमध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा इंग्रजी काळातला बंधारा. गाळ साचून पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. धरण म्हणून जो दोष तोच पक्ष्यांना लाभला. चापडगावच्या बाजूने मनोरे आहेत, वाट जवळपास सपाट, ज्येष्ठांना झेपते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयाला तिथे हजर असावं. दहानंतर पाण्यावरून परावर्तन होऊन सगळे पक्षी काळे दिसतात. सगळे रोहित (फ्लेमिंगो) शोधत येतात आणि ते नसले की हिरमुसतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी हे तर हमखास. वर घिरट्या घालणारा दलदल ससाणा आला की सगळा थवा एकदम उठतो, तो क्षण रोहितापेक्षा कमी नाही. गावातले प्रशिक्षित वाटाडे दुर्बीण घेऊन येतात, त्यांना बरोबर घ्याच. गडद किंवा मातकट कपडे घाला, स्पीकर नको.

पूर्ववाट
सगळ्यांचे मनापासून आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. मूळ अडचणीकडे येतो. येणं डिसेंबरच्या मध्यात, म्हणजे चांदोरी पाण्याखाली आणि रहाड बंद. आईला पायऱ्या फार जमत नाहीत, गुडघे दुखतात. वडिलांना शिलालेख आणि जुनी नाणी यांची मनापासून आवड. पहिला दिवस टॅक्सी, दुसरा एसटी. कसं बसवावं?

गोदाकाठ
टॅक्सीचा दिवस पश्चिमेला. सकाळी आठला थेट अंजनेरी गाव, पायथ्याची देवळं, डोंगर नाही. तिथेच नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, वडिलांसाठी तेच मुख्य. वेळ आणि सुट्टी आदल्या दिवशी फोन करून विचारा. नंतर त्र्यंबकला दर्शन, येताना गोवर्धन-गंगापूर. पांडवलेण्याला साधारण दोनशे पायऱ्या आहेत, आईंनी खाली बुद्धस्मारकाच्या बागेत बसावं, वडिलांनी वर जाऊन ३, १० आणि १८ ही लेणी पाहावीत. ते मात्र त्याच दिवशी कोंबू नका.

शिलालेख_वाचक
नाण्यांची आवड असेल तर त्यांना जोगलटेंभीचं सांगा. सिन्नर तालुक्यात, दारणा आणि गोदावरीच्या संगमावर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाणी, नहपानाची. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप मारलेले. लढाई कोण जिंकलं ते हातात धरून वाचता येईल असा पुरावा. पांडवलेण्यातल्या ३ ऱ्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात मुलाने क्षहरातांचं, म्हणजे नहपानाच्या घराण्याचं निर्मूलन केल्याचं कोरलंय, १० व्यात नहपानाच्या घराण्याचं दान. दोन लेणी एकाच डोंगरात. वडिलांना हा क्रम आधी सांगून ठेवा. मग तिथली अक्षरं वाचता आली नाहीत तरी आपण काय पाहतोय ते कळेल. संगमावर आज नाणी नाहीत, घाट आणि नदी आहे.

एसटी_वेळापत्रक
दुसरा दिवस सिन्नर. नाशिकरोडला मुक्काम असेल तर सीबीएसला (शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकाला) उलटं जाऊ नका. सिन्नर, संगमनेर, पुण्याकडच्या गाड्या नाशिकरोडवरूनच जातात, तिथेच बसा. सिन्नर स्थानकापासून गोंदेश्वर जवळ आहे, रिक्षा दारापर्यंत नेते.

देऊळ पूर्वाभिमुख, त्यामुळे दर्शनी बाजूवर ऊन सकाळी. मधे महादेव, भोवती चार छोटी देवळं, पंचायतन. भूमिज पद्धतीचं (छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा असलेलं) शिखर लांबून पाहा, मग जवळ जा. जोतं उंच आहे, आईंना चढायला हात लागेल, पण खालून प्रदक्षिणा सपाट. चप्पल काढावी लागते आणि डिसेंबरातही दुपारी दगड तापतो, जाडे मोजे न्या. गोंदेश्वर बघून लोक परततात, त्याच गावातलं ऐश्वर्येश्वर मात्र राहून जातं. आकाराने लहान, आतलं मकरतोरण, म्हणजे मगरींच्या तोंडातून निघालेली कोरीव कमान, बघण्यासारखं. रिक्षावाल्याला नाव लगेच कळलं नाही तर नदीकडचं जुनं महादेवाचं देऊळ म्हणा आणि गोंदेश्वर नव्हे हे ठासून सांगा, नाहीतर तो पुन्हा तिथेच आणून सोडेल.

गुरवाचा_नातू
ऐश्वर्येश्वरला आत अंधार असतो. मोबाइलचा दिवा समोरून धरू नका, कोरीव काम सपाट दिसतं. बाजूने, जवळजवळ भिंतीला समांतर धरा, एकेक आकृती उठून येते. पांडवलेण्यातल्या अक्षरांनाही हेच.

पूर्ववाट
ठरलं. अंजनेरी, गोवर्धन एक दिवस, सिन्नर दुसरा. पांडवलेणी परतीच्या सकाळी, गाडी दुपारची आहे. शिलालेख_वाचक, १० व्या लेण्यातला तो ठेवीचा लेख नेमका कुठे शोधायचा?

शिलालेख_वाचक
ओसरीत शिरलात की तिथल्या भिंतींवर शोधा, आणि खोल्यांच्या दारांवरचेही लेख पाहा. सकाळी लवकर पोहोचा, शाळांच्या सहली यायच्या आत. वडिलांसाठी मराठी अनुवाद मोबाइलवर आधीच उतरवून घ्या, वर नेटवर्कचा भरवसा धरू नका.